श्रीरामपुरातली समुद्राची फुलं

चैत्र उतरणीला लागला की आमच्या नगरच्या उन्हाला वास सुटतो. तापलेल्या पत्र्यांचा, धुळीचा, कडुलिंबाच्या मोहराचा. शाळांमधून परीक्षा चालू असतात, दुपारी रस्ते ओस पडतात आणि बंद दारांआडून पंख्यांची घरघर ऐकू येते. यंदा या सगळ्यात आणखी एक वास मिसळला आहे. तो माझ्या मुलाच्या, अजितच्या, हॉलमधून येतो. ओला, खारट, किंचित शेवाळी. समुद्राचा.

अजित नागापूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी त्यानं हॉलच्या भिंतीशी काचेची लांबलचक टाकी बसवली. तिच्यात खारं पाणी, वर निळसर दिवे आणि आत दगडांवर वाढणारी प्रवाळं. प्रवाळ म्हटलं की आपल्याला अंगठीतलं पोवळं आठवतं, पण ही तशी कडक नसतात. मऊ असतात. कुणी हाताच्या बोटांसारखी, कुणी शर्टाच्या बटणांएवढी, कडेला बारीक झालर असलेली. पाणी हललं की सगळी एका बाजूला झुकतात. पाणी किती खारं आहे ते यंत्र बघतं, कमी झालेलं पाणी यंत्रच भरतं. खाऊ घालणं तेवढं माणसाच्या हाती उरलं आहे.

या आठवड्यात अजित आणि सूनबाई बाहेरगावी गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. जाताना त्यानं सगळं नीट दाखवलं. पंप बंद करायचा, ड्रॉपर पाण्यात नेऊन हलकेच दाबायचा, प्रत्येकाच्या तोंडाशी थोडंसं सोडायचं.

"आणि आई, जास्त घालू नकोस हं. उपासानं मरत नाहीत ही एवढी. जास्त खाण्यानं मरतात."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

तो हसला. म्हातारी माणसं असं म्हणतातच, असं त्याला वाटलं असावं. काल सकाळी पंप बंद केला, पाणी स्थिर झालं आणि पहिल्या बटणाच्या झालरीवर चिमूटभर अन्न उतरलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती झालर सावकाश, एखादी मूठ मिटावी तशी आत वळली. माझा हात टाकीच्या काठावर तसाच राहिला आणि मी श्रीरामपूरच्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, समुद्राला लागून. माझ्या भावानं आणि आमच्या यांनी कोल्हापूरला एकत्र बी.एड. केलं, त्या ओळखीतून आमचं लग्न जमलं. हे मिरजगावचे, शेतकरी घरातले, आणि श्रीरामपूरला हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. लग्नानंतर पहिली दिवाळी आली, ती बहात्तर सालची. दिवाळसणाला म्हणून हे माझ्या माहेरी आले आणि सकाळी फराळ सोडून खडकांवर गेले ते दुपारी जेवायलाच परतले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

ओहोटीला आमच्या गावचे काळे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. त्या पाण्यात मळकट हिरव्या, तपकिरी रंगाची गोल गोल फुलं दगडाला चिकटून बसलेली असतात. आम्ही मुली लहानपणी त्यांना बोट लावून मिटवायचो. यापलीकडे त्यांच्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. यांनी मात्र मला हाताला धरून खडकावर नेलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं.

"ही फुलं नाहीत. प्राणी आहेत. प्रवाळाच्याच जातीतले, फक्त यांचा दगड होत नाही. ही मऊच राहतात."

"मग?"

"मग काही नाही. आपल्या घरी एक दगड नेऊया."

समुद्राच्या एवढ्याशा तुकड्याला घरी न्यायचं, हे मला तेव्हा वेड वाटलं. पण मला बरंही वाटलं. लग्नाला सहा-सात महिने झाले होते. घाटावरचा कोरडा वारा, बाजरीची भाकरी, विहिरीचं पाणी, सगळं मी निमूटपणे अंगवळणी पाडत होते. समुद्राची आठवण येते असं मी कुणाला बोलले नव्हते. यांना ते कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

आईनं लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी रिकामी करून दिली. तिच्यात नारळाएवढा दगड, वर समुद्राचं पाणी, तोंडाला फडकं. शिवाय पाण्याचे दोन मोठे प्लास्टिकचे कॅन. एसटीच्या गाड्या बदलत आम्ही परत निघालो. पुण्याच्या स्टँडवरून सुटलेल्या गाडीत कंडक्टरनं कॅनवर पंच मारण्याच्या चिमट्यानं टकटक केलं.

"काय आहे यात?"

"पाणी," हे म्हणाले.

"नगर जिल्ह्यात पाणी नेताय? पुण्याचं काम करताय मास्तर."

"खारं आहे."

कंडक्टरनं यांच्याकडे पाहिलं, मग मांडीवर बरणी धरून बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि पुढं गेला. मला हसू आवरेना. त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. घाट चढून आल्यापासून खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना रानं करपलेली होती आणि माझ्या मांडीवर समुद्र डचमळत होता.

यांनी सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली, तिच्यात काचा बसवून सांधे डांबरानं बुजवले. टाकी पूर्वेच्या खिडकीत ठेवली, कारण या प्रवाळांना सकाळचं ऊन लागतं. हवेसाठी ट्रकची जुनी ट्यूब आणली. सायकलच्या पंपानं ती भरायची आणि बारीक नळीतून तिची हवा दिवसभर पाण्यात बुडबुड सोडत राहायची. सारं जमून येईपर्यंत फुलं मिटलेली होती. मग एका सकाळी मी चहा टाकत होते तर यांनी हाक मारली, नेहमीपेक्षा हळू आवाजात. दगडावरची सगळी फुलं उमलली होती.

खाऊ घालण्याचं काम आपोआप माझं झालं. बाजारातून सुकट आणायची, निवडायची, खलात कुटून वस्त्रगाळ करायची, चिमूटभर भुकटी त्याच खाऱ्या पाण्यात कालवायची आणि शाईच्या ड्रॉपरनं एकेका फुलाला द्यायची. त्या पाण्याला तांब्या-पितळेचं भांडं लावायचं नाही, फुलांना हात लागला तर धुतल्याखेरीज डोळ्यांना लावायचा नाही, हे यांचे दोन नियम. आणि तिसरा म्हणजे हवेत उडालेलं पाणी रोज गोड्या पाण्यानं भरून काढायचं. मीठ उडत नाही, पाणी तेवढं उडतं. म्हणून समुद्रालासुद्धा आमच्या घरी रोज पेलाभर गोडं पाणी लागायचं.

संक्रांतीनंतर मिरजगावहून सासूबाई आल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सासरे पूर्वीच गेले होते. गावची विहीर आटली होती. थोरले दीर-जाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. आत्याबाईंना त्यांनी आमच्याकडे पाठवलं. त्यांच्या हातात एक बोचकं होतं, बाकी काही नाही. घरची गाय गुरांच्या छावणीत नेली होती आणि तिथं ती आठ दिवसही टिकली नव्हती. हे त्यांना पोचवायला आलेल्या दिरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं. आत्याबाई त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत.

घरात शिरल्या आणि त्यांची नजर खिडकीवर गेली.

"एवढं पानी भरून ठिवलंय," त्या म्हणाल्या. "लई शहानपन केलं."

"आई, ते प्यायचं नाही. समुद्राचं आहे," हे म्हणाले.

त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग काचेला कपाळ टेकवून बराच वेळ आत बघत राहिल्या.

"हे काय पेरलंय?"

"पेरलेलं नाही. जितराब आहे ते," हे म्हणाले. आपल्या आईशी बोलताना त्यांच्यातला शास्त्राचा मास्तर मागे सरायचा.

"जितराब? डोळं न्हाईत, पाय न्हाईत. खातंय काय?"

मी ड्रॉपर घेऊन दाखवलं. एक फूल मिटलं, दुसरं मिटलं. आत्याबाई तशाच वाकून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला त्या वेळी वाचता आलं नाही. माझी त्यांची ओळख तरी किती होती? लग्नानंतर पंधरा दिवस मी मिरजगावला राहिले होते, तेवढीच. त्यांची बोली मला निम्मी कळायची, माझं नाकातलं बोलणं त्यांना निम्मं. दोघी एकमेकींशी जपून बोलायचो.

त्या दिवसापासून मात्र सकाळच्या वेळी त्या खिडकीशी येऊन बसायला लागल्या. गावाकडे या वेळी गोठ्यात असायच्या, हात रिकामे राहायची सवय नव्हती. आधी सुकट कुटून देऊ लागल्या, मग कालवून देऊ लागल्या. गोड्या पाण्याचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांची नजर कोपऱ्यातल्या हंड्याकडे गेली. कालवा कोरडा पडला होता, नळाला पाणी येईना, आलं तरी करंगळीएवढं. टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. अशा दिवसांत पेलाभर पाणी खिडकीत ओतायचं, हे मलाच अवघड वाटायचं. मी ओतताना दाराकडे पाठ करायची, शेजारणीला दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी बघते तर आत्याबाईंनी आपल्या तांब्यातलं पाणी काचेच्या पेल्यात काढून ठेवलेलं.

"आत्याबाई, हे तुमचं प्यायचं आहे."

"मला चूळ भराया येवढं लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "वत त्यात. बांधून घातल्यालं जितराब हाय. त्येला कुटं जाऊन पिता येतंय?"

मग तो रोजचा पेला त्यांच्या वाटणीतून जाऊ लागला. मी माझ्यातलं घालू म्हटलं तर ऐकायच्या नाहीत.

मार्च संपता संपता हे परीक्षेच्या केंद्रावर सुपरव्हिजनला परगावी गेले आणि मला तापानं धरलं. चार-पाच दिवस मला डोकं वर करवत नव्हतं. आत्याबाई डोक्यावर ओली पट्टी ठेवायच्या, भाताची पेज पाजायच्या, मध्येच उठून खिडकीशी जायच्या. मला गुंगीत खलबत्त्याचा आवाज यायचा. पुन्हा पुन्हा यायचा. हे परत आले त्या दिवशी माझा ताप उतरला होता. यांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. खोलीत कुजका वास भरला होता. तापात तो मला जाणवला नव्हता, आत्याबाईंना सुकटीचाच वाटला होता.

टाकीतलं पाणी ताकासारखं गढूळ झालं होतं. दगडावर पांढरी बुरशी धरली होती. फुलं घट्ट मिटलेली आणि काही तर विरघळून लोंबत होती.

"आई, किती घातलंस यांना?" यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण मला माहीत होतं, ते किती कष्टानं तसं बोलत होते.

आत्याबाईंनी लपवलं नाही. "सकाळ, दुपार, सांच्याला," त्या म्हणाल्या. "हीनं दिल्यालं येवढंसं. त्वांड उघडून बसायची सारखी. भुक्याली दिसली म्हनून दिलं."

आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "कपिलीनं दावणीला उभं ऱ्हाऊन माज्याकडं असंच बघितलं हुतं. तिला द्याया माज्यापाशी काडी न्हवती. ह्यान्ला द्याया हुतं."

गाय गेल्यापासून तिचं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं होतं. मी अंथरुणातून उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांचा हात हातात घेतला. इतका खरखरीत हात मी तोवर कधी धरला नव्हता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

हे मागच्या दारी गेले आणि राखून ठेवलेला शेवटचा कॅन घेऊन आले. जुनं पाणी उपसलं, दगड त्याच खाऱ्या पाण्यात हलक्या हातानं धुतला, मेलेली फुलं चिमट्यानं काढली. कॅन रिकामा झाला. निम्मी फुलं वाचली असतील. ती पुन्हा उमलायला कितीतरी दिवस लागले.

आत्याबाई मात्र खिडकीकडे पाठ करून बसू लागल्या. बोलावलं तर म्हणायच्या, "माज्या हाताला गुन न्हाई." शेवटी एका सकाळी मी ड्रॉपर भरला आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"माझा हात अजून थरथरतोय तापानं. तुम्ही धरा, मी सांगते किती ते."

ताप जाऊन बरेच दिवस झाले होते आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. त्या उठल्या. त्यांच्या हातावर माझा हात ठेवून आम्ही दोघींनी मिळून एकेका फुलाला एकेक थेंब दिला. एका फुलाची झालर आत वळली तेव्हा त्यांनी धरून ठेवलेला श्वास सोडला, तो माझ्या कानाला लागला. त्यानंतर रोज तसंच. खाऊ घालताना बोलणंही सुरू झालं. माहेर काय, सासर काय, त्यांची लहानपणी गेलेली मुलगी, माझी पोहायची हौस. त्यांची बोली मला कधी कळू लागली ते कळलंच नाही.

आज अजितच्या टाकीपुढं बसून मी विचार करते. भुकेल्याला किती द्यायचं, हे शिकणं सोपं नाही. ज्यानं रिकामी गव्हाण पाहिली आहे त्याला थोडं देणं जमत नाही. आत्याबाई पुढं खूप वर्षं जगल्या. पाऊसपाणी झालं, मिरजगावला परत गेल्या, गोठ्यात पुन्हा गाय आली. माझी मुलं लहान होती तेव्हा त्यांना जेवू घालताना त्या पहिला घास द्यायच्या आणि थांबायच्या. मूल चावून गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. मगच दुसरा. इतर आज्या एकावर एक घास कोंबायच्या. ह्या थांबायच्या. त्या थांबण्यामागं काय होतं ते घरात यांना आणि मला माहीत होतं.

त्या दुष्काळाच्या वर्षी मे महिन्यात ऊन असह्य झालं. टँकरही दोन-तीन दिवसांआड येऊ लागला. टाकीतलं पाणी दिवसाला बोटभर उतरायचं, फुलं अर्धीमुर्धी उघडायची आणि दुपारनंतर मिटूनच असायची. बदलायला खारं पाणी उरलं नव्हतं. हे म्हणाले, आता यातलं काही वाचायचं नाही. मी ऐकून घेतलं. माहेरी आंबे उतरले असतील, आई वाट बघत असेल, हे रोज मनात यायचं, पण अशा वर्षात जाते म्हणून कुठल्या तोंडानं म्हणायचं?

आत्याबाई भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "दत्ता, ह्यान्ला त्यांच्या म्हायेरी घालून ये."

"कुणाला?" यांनी विचारलं.

"त्या फुलान्ला. आन् हिला बी ने. किती दिस झालं, मिटल्यावानी करती. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मी चुलीकडे बघत राहिले. धूर होता, त्यामुळं डोळे पुसायला निमित्त होतं.

"आणि तू? इथं एकटी काय करशील?" हे म्हणाले.

"मी बी येती," आत्याबाई म्हणाल्या. "मला बी बगू दे की समिंदर."

पुन्हा तीच बरणी, तेच फडकं. आत्याबाईंनी वाटभर ती मांडीवरून खाली ठेवली नाही. घाट उतरल्यावर हवेतला ओलावा अंगाला लागला तसं त्यांनी पदर सैल केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. घरी पोचलो तर आईनं त्यांच्यापुढे आंब्याची टोपली ठेवली. त्यांनी एक आंबा हातात घेतला, हुंगला आणि परत ठेवला. म्हणाल्या, "आधी ह्यान्ला सोडू."

माझे वडील आमच्याबरोबर खडकांवर आले. ओहोटी सरत आली होती. आत्याबाई समुद्राकडे एकदा बघून थबकल्या. बरणी सांभाळत, माझा हात धरून ओल्या दगडांवरून पुढे गेल्या. यांनी एका खोल खळग्याशी बसून दगड बरणीतून काढला आणि आत्याबाईंच्या हाती दिला. त्यांनीच तो पाण्यात ठेवला. हात काढून घेतला आणि तेव्हा कुठं त्यांनी आजूबाजूला नीट पाहिलं.

त्या खळग्यात, पलीकडच्या खळग्यात, जिथवर पाणी साचलं होतं तिथवर सगळीकडे तीच फुलं होती. खडकच दिसत नव्हता. सगळी उमललेली. आत्याबाईंच्या कमरेच्या पिशवीत सुकटीची पुडी होती, प्रवासात लागली तर म्हणून घेतलेली. ती त्यांनी चाचपली आणि तशीच राहू दिली.

"दादा," त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "हितं ह्यान्ला कोन घालतं खायाला?"

"समुद्रच घालतो," वडील म्हणाले. "भरती येते ना. दिवसातून दोन वेळा."

"रोज?"

"रोज."

आत्याबाईंनी लांबवर पाहिलं. पाणी आता वळलं होतं, पुढच्या खडकांच्या फटींतून आवाज करत आत शिरत होतं.

"यंदा बी?"

वडिलांना क्षणभर प्रश्न कळला नाही. मग कळला. ते सावकाश म्हणाले, "हो. यंदाही येते."

आत्याबाईंनी वहाणा काढून उंच दगडावर ठेवल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि त्या खळग्याच्या काठाशी पाय सोडून बसल्या. आई आंबे कापून ठेवणार होती, ऊन चढत होतं, हे दोनदा चला म्हणाले. त्या उठल्या नाहीत. मग मीही त्यांच्याशेजारी बसले आणि पाणी आमच्या पायांपर्यंत यायची आम्ही दोघी वाट बघत राहिलो.